पहिला घास

तुंगार्लीतल्या एका बंगल्यामागे सहा खोल्यांची बैठी चाळ होती. वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेल्याला नाहीतर दारू सोडलेल्याला कोण खोली देणार? मुंबईचे मालक नाममात्र भाड्यात देत. अट एकच. दारूबंदीचे दिवस होते. प्यालेला माणूस त्याच दिवशी बाहेर, नाहीतर पोलीस चाळीला टाळं ठोकतील.

चाळ सांभाळायच्या कस्तुराबाई. त्यांनी एक रीत घालून दिली होती. दिवेलागणीला प्रत्येकाने ओट्यावरच्या कंदिलापाशी यायचं आणि त्यांच्या अगदी समोर उभं राहून "आलो, मावशी" म्हणायचं. तोंडाचा वास लपतो थोडाच! बाईंच्या नाकाला सगळी चाळ वचकून असे, आणि खोटं कशाला बोला, बाईंना त्या नाकाचा गर्वही होता.

चौथ्या खोलीत भिकाजी राहायचा. आपल्या जेवणात कोणीतरी विष घालतं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. शेजारचा महिपती दारूपायी रेल्वेतली नोकरी घालवून बसलेला, पण दीड वर्ष थेंबाला शिवला नव्हता. तो भिकाजीच्या ताटातला पहिला घास खायचा, जरा थांबायचा आणि म्हणायचा, "बघ, हाय का न्हाई जित्ता?" मग भिकाजी जेवायचा. दोन्ही वेळा हेच.

श्रावणात महिपतीची सासरी दिलेली लेक वारली. त्याला कळलं ते तेरावं उरकल्यावर. त्या संध्याकाळी तो कंदिलापाशी आला. आजाराचं निमित्त करून खोलीत दडी मारता आली असती, पण आला.

"आलो, मावशी."

"प्यायलास तू, महिपती."

"व्हय. भिकाभाऊचं जेवण तेवढं हुंद्या, मग जातो."

"आत्ताच्या आत्ता नीघ."

बोचकं उचलून तो गेला. भिकाजीने ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः पहिला घास खाल्ला. भिकाजी पुढे झाला, बाई सगळ्यांचा घेत तसा त्याने त्यांच्या तोंडाचा वास घेतला आणि ताट सारून दिलं. तिसऱ्या दिवशी त्याने पाणीही सोडलं. बाईंचं धाबं दणाणलं. त्यांनी पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरांना निरोप धाडला, आणि चौथ्या दिवशी सकाळी महिपतीला शोधायला भुशीकडे निघाल्या.

तो रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. शुद्धीत होता. बाईंना बघताच त्याने विचारलं, "जेवतोय का त्यो?"

"चल," बाई म्हणाल्या. दोघं भिजत परतली. दुपारीच इस्पितळाची गाडी येऊन भिकाजीला घेऊन गेली होती. पकडायला चौघे लागले, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. सकाळी वाढलेलं ताट तसंच खोलीत पडलं होतं. निरोप धाडायला एक दिवस धीर धरला असता तर, हे बाईंच्या मनातून जाईना. महिपतीला घालवलं त्या संध्याकाळी ते एक जेवण होऊ दिलं असतं तर?

दिवे लागले. महिपती रीतीप्रमाणे कंदिलापाशी येऊन उभा राहिला. बाईंनी तोंड फिरवलं. त्याचा वास घ्यायची त्यांना लाज वाटली.

"मावशी," तो म्हणाला, "तितं पहिला घास कोन खाईल?"

कोणी खाणार नव्हतं. ते बाईंनाही ठाऊक होतं आणि त्यालाही.