कॅमेऱ्याखालची जागा

गोटीचं खरं नाव पुढे शाळेत लागेल तेव्हा लागेल. तूर्तास ती सगळ्यांची गोटीच होती. जन्मली तेव्हा डोकं इतकं गोल गरगरीत होतं की मामाने बघताक्षणी हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

तिची आई दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यांवरून प्लास्टरचे साचे बनायचे आणि त्या साच्यांवर ती मेणाचे दात घडवायची. मेणाच्या दातावरून पुढे पक्की कॅप तयार व्हायची. काम बारीक, मान मोडणारं, पण तिला आवडायचं. गोटीचा बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठे लिफ्ट अडकली की हातातलं टाकून त्याला पळावं लागे.

मूल कसं वाढवावं याचा दोघांनी, म्हणजे खरं तर तिनेच, कसून अभ्यास केला होता. पुस्तकं झाली, ऑनलाइन वर्ग झाले, आयांच्या दोन ग्रुपांवर रोजची ये-जा होती. घरात मुलीवर ओरडायचं नाही, तिला काय वाटतंय ते तिच्याकडून शब्दांत काढून घ्यायचं, असं ठरलं होतं. दिवसभर लिफ्टच्या रुळांना ग्रीस लावून आलेला बाबा भोकाड पसरलेल्या गोटीसमोर उकिडवा बसायचा आणि मनापासून विचारायचा, "तुला राग आलाय का? की वाईट वाटतंय?"

"बिस्किट," गोटी हुंदका देत म्हणायची.

"हे पुस्तकात नव्हतं," बाबा म्हणायचा.

आईची पुन्हा कामावर जायची वेळ आली तेव्हा पाळणाघरांची शोधाशोध सुरू झाली. शेवटी पसंत पडलं ते एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचं. मोठी उजेडाची खोली, मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटं, लाकडी ठोकळे, पाण्याने खेळायची परात. मुलाने काय खेळायचं ते मुलानेच ठरवायचं. चालवणाऱ्या ताई बालशिक्षण शिकलेल्या होत्या आणि मुलांशी बोलताना नेहमी खाली बसून बोलायच्या. हे सगळं आवडलं होतंच, पण पारडं झुकलं ते खोलीत दरवाजाच्या वर लावलेल्या कॅमेऱ्याने. फोनवर कधीही उघडा, खोली समोर दिसते.

पहिल्या दिवशी गोटीने आईचा गुडघा सोडला नाही. ताईंनी ठोकळे दाखवले, परात दाखवली. गोटी बघेचना. लॅबची वेळ होत आली होती. आईने तिला उचलून घेतलं आणि दरवाजावरच्या काळ्या गोळ्याकडे बोट केलं.

"ते बघ. त्यातून आई तुला दिवसभर बघणार आहे. आई आहेच. कळलं?"

गोटी मान वर करून बघत राहिली. रडणं थांबलं. आई निघाली तेव्हाही ती वरच बघत होती. जिना उतरताना आईला वाटलं, सुटलो.

लॅबमध्ये तिने फोन प्लास्टरच्या डब्याला टेकवून ठेवला. एका हातात साचा, दुसऱ्यात गरम केलेलं हत्यार, आणि मेण निवतंय तेवढ्यात एक नजर फोनवर. गोटी बरोब्बर वर बघायची. कधी हात हलवायची, कधी काहीतरी उंच धरून दाखवायची. "बघा, कशी शोधते मला," असं म्हणत तिने शेजारच्या टेबलावरच्या काकांना फोन दाखवला. काका लॅबमधले सगळ्यात जुने. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून पाहिलं, "गोड आहे," म्हणाले आणि परत कामाला लागले.

पण दिवस जाऊ लागले तसं तिला खटकायला लागलं. फोन कधीही उघडावा, बाकीची मुलं खोलीभर पसरलेली असायची. कुणी परातीत कोपरापर्यंत हात घातलेले, कुणी ठोकळ्यांवर बसलेलं. गोटी मात्र नेहमी चित्राच्या अगदी खालच्या कडेला, एकटी. बहुतेक वेळा तिचा नुसता भांग आणि पिवळी क्लिपच दिसायची.

तिने ताईंना मेसेज टाकला. गोटीला खेळात कुणी घेत नाही का? उत्तर आलं, "आम्ही बोलावतो. ती येत नाही. सवडीने एकदा येऊन बसाल का?"

याचा तिला राग आला. संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "येऊन काय बसू? मला इथून सगळं दिसतंय. दिवसभर पोरगी दारात उभी असते आणि यांचं लक्ष नाही."

"मग जाऊन ये की. बोलावतायत तर."

"म्हणजे माझंच चुकतंय असं सांगणार."

"अगं, लिफ्ट अडकली की मी फोनवरून सांगतो का काय बिघडलंय? जाऊन शाफ्टमध्ये बघावं लागतं."

"गोटी म्हणजे लिफ्ट नाही," ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

ग्रुपवर तिने विचारलं तेव्हा सल्ल्यांचा पाऊस पडला. पाळणाघर बदला. मूल लाजाळू आहे, ढकलू नका. मूल हुशार आहे, कंटाळलंय. डॉक्टरांना दाखवा. आमचं असंच होतं, आपोआप गेलं. वाचून वाचून तिचं डोकं भणभणलं. गोटीला विचारावं तर ती "मज्जा" म्हणायची आणि चमच्याने भात इकडून तिकडे सारायची.

मग एक दिवस काकांनी तिच्या टेबलावरून एक साचा उचलला, दिव्याखाली फिरवून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "पोरी, ही दाढ डाव्या बाजूची आहे."

"हो."

"आणि साच्यात जागा उजवीकडे आहे."

तिने बघितलं. दाढ सुरेख झाली होती, फक्त चुकीच्या बाजूची. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. प्लास्टरच्या डब्याला टेकलेल्या फोनवर पिवळी क्लिप दिसत होती.

"मेणच आहे, पुन्हा होईल," काका म्हणाले. "आज लवकर नीघ. जे काय आहे ते बघून ये एकदा."

ती पाळणाघरात पोचली तेव्हा मुलांची खाण्याची वेळ व्हायची होती. ताईंनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि तिला मागच्या पॅसेजमधून स्वयंपाकघरात नेलं. तिथून खोलीत उघडणारी एक छोटी खिडकी होती, डबे द्यायची. त्या खिडकीमागे मुलांच्या बुटक्या स्टुलावर तिला बसवलं.

"थोडा वेळ इथूनच बघा," ताई म्हणाल्या. "मग बोलू."

फोनवर खोली चपटी दिसायची. इथून ती लांब, रुंद, आवाजांनी भरलेली होती. गोटी दरवाजाजवळ, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली उभी होती. पण ती नुसती उभी नव्हती. ती बोलत होती. हातातला मातीचा गोळा वर धरून ती कॅमेऱ्याला सांगत होती, "हा ससा. हे कान. एक कान पडला. थांब हं." ती धावत मातीच्या टेबलाशी गेली, चिमूटभर माती घेऊन धावत परत आली, आणि वर बघत बघतच तिने सशाला कान चिकटवला. "झाला."

पुस्तकांच्या कपाटामागून दोन वेण्या घातलेली एक मुलगी डोकावली. "गोटी, ये ना. आम्ही घर केलंय. तू बाळ हो."

गोटीने त्या दिशेने एक पाऊल टाकलं. मग वर पाहिलं आणि थांबली.

"नको," ती म्हणाली. "तिथे आईला दिसत नाही."

वेण्यावाली मुलगी निघून गेली. पुन्हा मातीच्या टेबलाकडे जाताना एका पळणाऱ्या मुलाचा धक्का लागून गोटी मधेच पडली तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं, पण ती रडली नाही. उठून, गुडघा धरून, लंगडत ती परत कॅमेऱ्याखाली आली, मान वर केली आणि मग रडायला लागली.

खिडकीमागे आईने पदरासारखं ओढणीचं टोक तोंडावर धरलं होतं.

ताई गोटीला जवळ घेऊन, गुडघ्यावर फुंकर घालून परत आल्या. आई म्हणाली, "तुम्ही मला फोनवर का नाही सांगितलंत?"

"सांगणार होते. पण तुम्हाला वाटलं असतं, हिला कॅमेरा बंद करायचाय म्हणून निमित्त काढतेय." ताई तिच्याशेजारी खाली बसल्या. "आणि खरं सांगू का, मलाही तो नकोच होता. पालकांनी मागितला म्हणून लावला. मीसुद्धा त्याच्याखाली आले की उगाचच गोड बोलायला लागते. मग पोरांना काय दोष द्यायचा?"

"मीच सांगितलं होतं तिला. आई त्यातून बघतेय म्हणून."

"हो. त्या दिवशी तिला ते हवं होतं. तुम्हालाही."

"आता काय करू?"

"नक्की माहीत नाही मला," ताई म्हणाल्या. "मी कितीदा सांगून पाहिलं की आई तिच्या कामावर आहे. माझं खरं वाटत नाही तिला. तुमचं वाटेल बहुतेक."

आई उठून खोलीत गेली. गोटीने तिला पाहिलं. तिने आधी आईकडे पाहिलं, मग वर कॅमेऱ्याकडे, मग पुन्हा आईकडे.

"तू खाली कशी आलीस?" तिने विचारलं.

त्या संध्याकाळी आईने पुस्तकांतलं काही आठवायचा प्रयत्न केला नाही. गोटीला मांडीवर घेऊन फोन दाखवला. पाळणाघर बंद झालं होतं, चित्रात रिकामी खोली होती. "हे बघ, तो नुसता डोळा आहे. मी त्यात नसते. मी माझ्या कामावर असते आणि कधी कधी या फोनमध्ये बघते."

गोटीने विचार केला. "मग माझा ससा बघितलास?"

"आजचा बघितला."

"कालची मांजर?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," आई म्हणाली. "मी तेव्हा काम करत होते."

गोटीचा खालचा ओठ पुढे आला. बाबा पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होता, त्याचे हात थांबले. आता रडणार, असं दोघांनाही वाटलं. पण गोटीने विचारलं, "काय काम?"

आणि आईच्या लक्षात आलं, की हे तिने मुलीला कधी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी लॅब अर्धा दिवस असायची. सगळे गेल्यावर तिने गोटीला तिथे नेलं. काका मुद्दाम थांबले होते. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे रांगेने मांडले होते. गोटी ते बघून आईला चिकटली.

"हे आजोबा लोक कुठे गेले?" तिने हळूच विचारलं.

"घरी आहेत," काका गंभीरपणे म्हणाले. "दात तयार झाले की चावायला मोकळे."

आईने मेण वितळवलं, थेंब थेंब साच्यावर सोडलं, कोरलं, आणि बघता बघता एक दात उभा राहिला. गोटीने तो बोट लावून पाहिला. मग आईची खुर्ची, दिवा, प्लास्टरचा डबा, सगळं पाहिलं. खुर्चीवर चढून बसली. "तू इथे असतेस," ती म्हणाली.

"इथेच असते. आणि काम संपलं की तुला न्यायला येते."

सोमवारी सकाळी पाळणाघराच्या दारात गोटी खूप रडली, पहिल्या दिवसापेक्षाही जास्त. तिने वर पाहिलं आणि मग वर बघण्यात अर्थ नाही हे आठवून आणखी रडली. ताईंनी तिला कडेवर घेतलं. आई जिना उतरली तेव्हा सुटल्यासारखं अजिबात वाटलं नाही. तो आठवडा तसाच गेला.

तिने फोनमध्ये बघायचं नाही असं ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात एका दुपारी राहवलं नाही आणि तिने बघितलंच. दरवाजाजवळची जागा रिकामी होती. परातीशी गोटी नाही. ठोकळ्यांपाशी नाही. मातीच्या टेबलाशीही नाही. तिचा अंगठा ताईंच्या नंबरवर गेला. मग तिचं लक्ष कपाटाकडे गेलं. त्याच्यामागून एक पाय बाहेर आला होता, मोजा अर्धा निघालेला. पाय हलत होता. तो गोटीचा असावा, किंवा वेण्यावालीचा. एवढ्याशा चित्रात सांगणं कठीण होतं.

बराच वेळ तिने त्या पायाकडे पाहिलं. मग फोन उलटा ठेवला आणि हत्यार गरम करायला घेतलं. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि परत कामाला लागले.

संध्याकाळी ती न्यायला गेली तर गोटी लगेच यायला तयार नव्हती. "थांब जरा," असं म्हणून ती कपाटामागे गेली आणि बऱ्याच कुजबुजीनंतर बाहेर आली. तिच्या कानामागे निळ्या रंगाचा ओघळ होता, वाळलेला.

"आज काय केलंत?" आईने रस्त्यात विचारलं.

"काही नाही," गोटी म्हणाली.

घरी बाबाने आंघोळीला बसवताना तो निळा डाग पाहिला. "हे काय गं?"

"ते आमचं आहे," गोटी म्हणाली. "सांगायचं नाहीये."

बाबाने आईकडे पाहिलं. आईने साबण त्याच्या हातात दिला आणि ती गोटीचे कपडे आणायला गेली.