लुगड्याच्या चिंधीतलं बी

कुंडलच्या राहीबाईच्या परसात टोमॅटोची सहा झाडं होती, आणि त्यांच्यावर तिचा भारी जीव. तिची आई बायडाबाई दरवर्षी मेढ्याहून येताना राखेत चोळलेलं बी पदराच्या गाठीत बांधून आणायची. गावठी, चपटा, आंबटढाण टोमॅटो. माघात आई गेली. माहेरी भावजयीनं केव्हाच संकरित रोपं धरली होती. त्यामुळं आईचं ते बी आता जगात फक्त या सहा झाडांत उरलं होतं.

वैशाखात वळवानं गारांसकट झोडपलं आणि सहाही झाडं चिखलात लोळली. राहीबाई तिथंच फतकल मारून रडली. मग उठली, काठ्या रोवल्या, आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून एकेक फांदी बांधली. पाचव्या दिवशी शेंड्याला कोवळी पानं दिसली, तेव्हा कुठं तिच्या घशाखाली घास उतरला.

नवरा नाथाजी उसाचा माणूस. उसाखेरीज दुसरं काही पिकतं हे त्याला साठ वर्षांत कुणी पटवू शकलं नव्हतं. पण बायकोचं रडणं त्याच्या जिव्हारी लागलं होतं. सांगलीहून त्यानं पानांवरच्या करपा रोगाचं औषध आणलं आणि तिला न सांगता, उसातला फवारणीचा पंप पाठीवर घेऊन सगळी झाडं न्हाऊ घातली. चांगलं करायला गेला बिचारा.

तिसऱ्या दिवशी पानं दोरीसारखी पिळवटली, तेव्हा त्यानं फवारल्याचं सांगितलं. राहीबाईनं पंपाचं झाकण उघडून वास घेतला आणि तिला सगळं उलगडलं. त्याच पंपानं आठवड्यापूर्वी उसात तणनाशक मारलं होतं. उसाला त्यानं काही होत नाही. टोमॅटोला मात्र पंपात उरलेले चार थेंबही पुरतात.

“दोनदा धुतला व्हता गं मी,” नाथाजी कसाबसा म्हणाला.

तिनं त्यातल्या त्यात मोठा हिरवा टोमॅटो तोडून चिरला. आतलं बी पांढरं, पाणचट, अजून भरलेलंच नव्हतं. तरी तिनं ते राखेत चोळलं आणि उरलेल्या चिंधीत बांधलं.

“उगवंल न्हवं?” त्यानं विचारलं.

“व्हय. न उगवायला काय झालं?”

नाही म्हणाली असती तर म्हाताऱ्यानं जन्मभर जिवाला लावून घेतलं असतं. तिनं चिंधी कोनाड्यात ठेवली. तो शेतावर गेल्यावर मात्र ती आईला पुन्हा रडली, माघात रडली होती त्याहून जास्त.