एकतिसावा दिवस

सकाळी दहा वाजता धाकटीला स्वतःची चूक सापडली.

कपडा कसा कापायचा ते संगणकावर आखून देणारा त्या दोघा भावंडांचा प्रोग्राम तीस दिवस फुकट वापरता यायचा. मग तो बंद पडायला हवा होता. पण धाकटीने दिवस मोजले होते ते शेवटच्या वापरापासून. म्हणजे रोज उघडा, रोज पहिलाच दिवस!

"म्हणजे सहा वर्षं फुकट वाटतोय आपण?" दादा खुर्चीतून उठलाच. "अगं, पदवी गणितातच घेतलीस ना?"

"मोजणी बरोबर आहे. फक्त सुरुवात चुकली."

"वा! हेच सांग मास्तरांना."

मास्तर म्हणजे एका मोठ्या कपडे कारखान्याचे कटिंग मास्तर. अकराला यायचे होते. त्यांनी प्रोग्राम घेतला तर ठीक, नाहीतर महिनाअखेर ऑफिसला टाळं आणि दादा जुन्या नोकरीवर, हे ठरलेलं.

धाकटीने भराभर दुरुस्ती लिहिली. एक बटण दाबलं की सगळे फुकटे बाहेर. बोट बटणावर, तोच मास्तर दारात. गळ्यात टेप, बाहीवर खडू.

"दाखवू नका काही," ते बसता बसता म्हणाले. "काल दुसरी कंपनी येऊन गेली, कडक कोट घालून. मी माझ्या चाळीस कारागिरांना विचारलं, कुठला प्रोग्राम येतो? सगळे तुमच्यावरच शिकलेत, घरी बसून. तेव्हा घेणार तुमचाच." मग जरा ओशाळून, "फुकटात हं. मीसुद्धा."

"एकतिसाव्या दिवशी बंद पडला असता तर?" धाकटीने विचारलं.

"पोरी, तेव्हा माझी बाही खांदा सोडून पाठीला लागत होती!" मास्तर खो खो हसले. "चार महिने लागले ती जागेवर यायला. बंद पडला असता तर परत कागद-कात्री."

"मग आता विकत कशाला घेताय?"

दादाला ठसका लागला.

"घरी चुकलं तर बायको हसते. कारखान्यात चुकलं तर पाचशे शर्ट वाया. तिथे फोन उचलणारं माणूस लागतं. आणि मालकांना फुकटचं चालत नाही."

धाकटीने हळूच दुरुस्ती पुसून टाकली.

"पुसलीस?" दादा कुजबुजला.

"पुसली. आणि याला चूक म्हणायचं नाही आता."

"आता हक्काने भांडतो," म्हणत मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. "ही कॉलर दर वेळी डावीकडे का पळते, सांगा बघू!"