सुलाबाईची पहार

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. अंगाने सरळ, एका टोकाला चपटी आणि दुसऱ्या टोकाला अणकुचीदार. कोयता माणसाच्या कमरेला लटकून गावभर मिरवतो, विळ्याचं कौतुक सुगीत होतं, मी मात्र पडवीच्या कोपऱ्यात उभी असते. पण घराची मेढ रोवायची असो, कुंपण घालायचं असो की पाण्याचा शोध घ्यायचा असो, पहिला खड्डा माझ्याच टोकाने पडतो. हे मी गर्वाने सांगत नाही, पण सांगायला लाजतही नाही.

मी जन्मतःच पहार नव्हते. आधी मी एका मालट्रकच्या चाकांमधला लोखंडी दांडा होते. ट्रक मोडीत निघाला आणि मी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका भंगाराच्या दुकानात येऊन पडले. तिथून घोटीच्या धोंडीराम लोहाराने मला उचलून नेलं. तो मला सांडशीत धरायचा आणि त्याची बायको सावित्रीबाई घण मारायची. त्या दोघांनी मला तापवलं, ठोकलं, लांब केलं. शेवटी लालबुंद टोक पाण्यात बुडवून धोंडीराम म्हणाला, "पाणी बरोबर बसलं. ही वाकायची नाय."

ते १९९३ साल होतं. भाताची कापणी नुकतीच झाली होती. बाजाराच्या दिवशी डोंगराकडच्या एका वाडीतून झुंबर आणि त्याची बायको सुलाबाई घोटीला आले. त्यांना पत्र्याची पेटी घ्यायची होती. त्यांच्या वाडीला उन्हाळ्यात पाणी उरत नसे. म्हणून भात घरात आलं की सगळी वाडी पेट्या-बोचकी बांधून नाशिककडच्या द्राक्षबागांवर आणि वीटभट्ट्यांवर कामाला जायची, ती पावसाच्या तोंडाशीच परतायची. त्यांची मुलगी ललिता हिचं नाव दर जूनमध्ये पहिलीत लागायचं आणि थंडी पडली की शाळा सुटायची. अशी ती तिसऱ्यांदा पहिलीत बसली होती.

पेटीच्या दुकानाकडे जाताना सुलाबाई भट्टीपाशी थांबली. तिने मला उचललं, जमिनीवर एकदा आपटलं आणि कान देऊन आवाज ऐकला.

"आवं, पेटी नको. ही घेऊ," ती म्हणाली.

"हिचं काय करायचं?"

"पेटी घेतली तर जावं लागंल. आपल्या खालच्या खाचराशी भर उन्हाळ्यात बी गवत हिरवं असतं. तिथं पाणी हाय. पाणी निघालं तर घर सोडून जायचं कारणच काय?"

"तिथं कातळ हाय, सुला. माझ्या बानं बी खणून पाह्यलं व्हतं."

"त्यांच्याकडं ही नव्हती."

झुंबरने पेटीसाठी आणलेले पैसे काढून लोहाराला दिले. मग त्याने मला खांद्यावर घेतलं. "हे एक साल तुझं," तो म्हणाला. "पाणी नाय लागलं तर पुढं मी म्हणंल तसं."

"चालंल," सुलाबाई म्हणाली.

वाडी रिकामी झाली. मागे उरली ही तिघं आणि शेजारची म्हातारी नवसाबाई. घरात तांदूळ होता, नागली होती, उडीद होता. शेळी दूध देत होती. प्यायचं पाणी सुलाबाई लांबच्या ओढ्यातल्या डबक्यातून हंड्याने आणायची. मीठ आणि तेल सोडलं तर विकत आणायचं असं फारसं काही नव्हतं. ललिता रोज शाळेत जायची आणि तिचे आईबाप खाचराशी खणायचे. कुदळ माती ओढायची, घमेलं ती वर न्यायचं. माती संपून मुरूम लागला तेव्हा कुदळ दमली. मुरूम संपून काळा खडक लागला तेव्हा सगळी दमली, आणि तिथून पुढे फक्त मी.

सुलाबाईचा हात मला फार आवडायचा. ती मला जोर लावून मारत नसे. दोन्ही हातांनी उचलायची आणि सोडून द्यायची. झुंबर दात-ओठ खाऊन घाव घालायला लागला की ती म्हणायची, "वजन तिचं हाय. आपण उचलायचं तेवढं काम करावं." खडकात बारीकशी भेग दिसली की माझं चपटं टोक तिच्यात बसवून ती हळूहळू हलवायची. दगडाचा तुकडा सुटला की मला मनातून फार बरं वाटायचं.

चैत्रात खड्डा पुरुषभर खोल झाला, पण पाण्याचा पत्ता नव्हता. एके दिवशी झुंबर खाली बसून घमेलं भरत होता. खड्ड्याच्या कडेत अर्धा रुतलेला एक मोठा धोंडा होता. तो अचानक सुटला, घरंगळत खाली आला आणि झुंबरचा पाय त्याच्याखाली सापडला.

सुलाबाई वर होती, मीही वरच होते. तिने मला घेऊन सरळ खाली उडी टाकली. माझं टोक धोंड्याखाली घालून तिने जोर लावला, पण मी खालच्या ढिल्या चुऱ्यात रुतत गेले. धोंडा जागचा हलला नाही. झुंबरचा चेहरा पांढरा पडला होता. तशातही तो म्हणाला, "खाली दगड टेकव. तिच्या खाली दगड टेकव."

तिने एक दगड ओढून माझ्याखाली सरकवला. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला तरफ म्हणतात. सुलाबाईने ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं, पण बांधावरचे दगड असेच हलवत तिचा जन्म गेला होता. आवाज ऐकून नवसाबाईही धडपडत खाली उतरली.

"आत्याबाई, लटका हिला," सुलाबाई म्हणाली.

दोघी माझ्या वरच्या टोकाला अक्षरशः लोंबकळल्या. खाली दगड, पुढे धोंडा आणि मागे दोन बायांचा सगळा भार. माझ्या अंगातून कळ गेली. आता मी वाकणार असं मला वाटलं. पण मी वाकले नाही. धोंडा दोन बोटं वर उचलला गेला.

"काढा पाय."

झुंबरने पाय ओढून घेतला.

नवसाबाईने रस्त्यावर जाऊन एक जीप थांबवली. घोटीच्या दवाखान्यात झुंबरच्या पायाला प्लास्टर घातलं. घरी येऊन तो खाटेवर पडला आणि म्हणाला, "पुरं झालं आता. बुजवून टाक तो खड्डा."

"बुजवायला बी मातीच उचलावी लागंल," सुलाबाई म्हणाली. "त्यापरीस खणीन."

पण ती लगेच खड्ड्यात उतरली नाही. रोज मला घेऊन यायची, काठावर बसायची आणि उठून परत जायची. इकडे ललिता आयुष्यात पहिल्यांदा वार्षिक परीक्षेला बसली होती. ती संध्याकाळी येऊन आईला पेपर कसा गेला ते सांगायची. एके दिवशी ते ऐकता ऐकता सुलाबाई उठली, पदर खोचला आणि खाली उतरली.

धोंडा जिथून सुटला होता तिथे एक उभी भेग होती. तिने मला त्या भेगेत घातलं. खडक कठीण होता. माझं टोक बोथटलं, ते घोटीला नेऊन तिने पुन्हा ठोकून आणलं. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी तिने मला भेगेतून बाहेर काढलं तेव्हा माझ्या टोकाला गार चिखल लागला होता.

ती ओरडली नाही की नाचली नाही. तिने तो चिखल तळहातावर घेतला, घरी गेली आणि झुंबरपुढे हात केला. त्याने चिमूटभर चिखल बोटांत चोळला. पुन्हा चोळला. "उद्या मला तिथवर ने," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या खांद्याचा आधार घेत आला तेव्हा खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलं होतं. फार मोठा झरा नव्हता. पण पिण्यापुरतं, शेळ्यांपुरतं आणि वांगी-मिरचीच्या एका वाफ्यापुरतं पाणी ज्येष्ठ संपेपर्यंत पुरलं. ललिता दुसरीत गेली. पुढच्या वर्षी वाडीतली आणखी तीन घरं मागे राहिली. त्यांच्या परसातल्या कुंपणाचे खड्डेही मीच पाडले. कोणाकडे मेढ रोवायची असली की माणूस दारात येऊन म्हणायचा, "सुलाबाईची पहार द्या जरा." त्या वर्षांत मला क्षणाची उसंत नव्हती, आणि मला ती नकोही होती.

पुढे वाडीला हातपंप आला. रस्ता झाला, रस्त्यावरून जेसीबी आला. माझ्या महिनाभराच्या कामाचा फडशा तो एका सकाळीत पाडायचा. खरं सांगते, मला त्याचा राग आला नाही, त्याने पुष्कळांचे कष्ट वाचवले. पण झुंबरने मला अंगणात ठोकलं आणि मला म्हैस बांधली. दोन-तीन पावसाळे मी तशीच उभी होते. दसऱ्याला कोयत्याला, विळ्याला, नव्या फवारणीच्या पंपालासुद्धा हळदकुंकू लागलं. मी अंगणात गंजत होते, आणि कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

२००६ साली ललिता माहेरी आली. तिचा नवरा यादव एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला होता. भाड्याची खोली सोडून दोघं तिथल्याच एका गावात स्वतःचं घर बांधणार होती. मागे परस, कोंबड्या, भाजीचे वाफे असं सगळं ललिताच्या मनात होतं.

"आये, ती पहार मला दे," ती म्हणाली. "इथं तिचा नुसता खुंटा झालाय."

सुलाबाईने अंगणाकडे पाहिलं. मग तिने म्हैस सोडून दुसरीकडे बांधली, मला उपटलं, विटकरीच्या तुकड्याने घासलं, राख लावली, तेलाचा हात फिरवला. माझं लोखंड पुन्हा दिसायला लागलं.

"ही नाय मिळायची," ती म्हणाली. "ही माझी हाय. तुला दुसरी घेऊन देते."

ललिता हसायला लागली. "मग माझे खड्डे कोण खणणार?"

"आपण दोघी."

दुसऱ्या दिवशी घोटीत ललितासाठी नवी पहार घेतली आणि आम्ही सगळ्या एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, एवढं लोखंड कुठं निघालं?"

"लेकीचं घर बांधाया," सुलाबाई म्हणाली आणि मला पायाशी आडवं ठेवलं.

ललिताच्या जागेवर त्या मायलेकींनी कुंपणाचे खड्डे खणले. आईच्या हातात मी, लेकीच्या हातात नवी. ललिता जोर लावून घाव घालत होती. नवी पहार झणझणत होती. "हात सैल सोड," सुलाबाई म्हणाली. "तिला पडू दे." तिसऱ्या खड्ड्याला ललिताला ते जमलं. नव्या पहारीचा आवाज बदलला, खाली खोल उतरला. मी तो ओळखला.

काम संपलं तेव्हा ललिताने कोणी न सांगता नवी पहार पदराने पुसली आणि भिंतीला उभी केली. सुलाबाईने ते पाहिलं. मला खांद्यावर टाकून ती एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.

तर मित्रांनो, तुमच्या घरीही माझी कोणी बहीण कोपऱ्यात असेल. एकदा तिच्याकडे नीट पाहा. गंज चढला असेल तर घासून काढा, तेलाचं बोट लावा. आम्हांला कोरडं ठेवा आणि कामाला लावा. बाकीचं आम्ही बघून घेऊ.