खुशालरावची ओंजळ

पावसानं उघडीप दिली होती. म्हातारा खुशालराव सोयाबीनमध्ये डवरा धरून बैलांवर खेकसत होता, तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावर धर्मपाल येऊन उभा राहिला.

"भाऊ, घरी चाला ना. अकोल्याहून जातपडताळणीचे सायेब आले. गावातला जुना मानूस पायजे म्हनतात."

धर्मपालच्या पोरीचा, भावनाचा, डॉक्टरकीला नंबर लागला होता. पण जातीचा पुरावा मिळाल्याशिवाय प्रवेश पक्का होत नव्हता. धर्मपालच्या आज्याचा शाळेचा दाखला मागत होते. तो कुठून आणायचा? आज्याला मास्तरनं शाळेच्या दारातूनच हाकललं होतं.

परवाच खुशालरावनं पारावर तोंड वाजवलं होतं, "या लोकायचं बरं हाय बाप्पा! कोट्यात सारं आयतं भेटते." ते धर्मपालनं ऐकलं होतं. ऐकूनही आला होता. म्हाताऱ्याला लाज वाटली. त्यानं बैल सोडले आणि धर्मपालच्या मागं चालू लागला.

साहेब धर्मपालच्या अंगणात खाटेवर बसले होते.

"बाबा, हे लोक कोण?"

"बौद्ध हायेत सायेब. लय चांगले लोक हायेत."

तोंडावर जातीचं जुनं नाव घ्यायचं नाही, एवढी रीत गाव शिकलं होतं. पाठीमागं घेत, ती गोष्ट वेगळी.

"ते झालं. धर्म बदलायच्या आधी कोण?"

पोरीचं सारं त्या एका शब्दावर अडलं होतं, आणि पारावर सहज निघणारा तो शब्द आज म्हाताऱ्याच्या तोंडातून निघेना.

"सांगा ना, आबाजी," दारातून भावना म्हणाली.

"महार," तो खाली पाहत म्हणाला.

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? याच्या आज्याले माही माय वरून पानी वाढे, सायेब. तो खाली बसून वंजळीनं पेत जाय." खुशालराव थांबला. "माय घरी नसली का मी वाढो. शिवायचं नाही म्हनून तांब्या असा उंच धरो."

साहेबांनी लिहून घेतलं, सही घेतली. "झालं. पोरीचं काम होऊन जाईल."

धर्मपालनं म्हाताऱ्याला हात जोडले. खुशालरावला ते जोडलेले हात पाहवेनात. आपलं पाप पुरावा म्हणून कामी आलं, आणि वर त्याचेच उपकार!

धर्मपालची बायको, चतुराबाई, पाणी घेऊन आली. एवढ्या वर्षांत या घरचं पाणी खुशालराव कधी प्याला नव्हता. आज तो जमिनीवर उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

"वता, बाई. वरूनच वता."

चतुराबाई क्षणभर त्या हातांकडं पाहत राहिली.

"काहून, भाऊ? आमच्या घरी गिलास हायेत," ती म्हणाली, आणि भरलेला गिलास तिनं त्याच्या ओंजळीत ठेवला.