खडखडाटाच्या आडून

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि वय झालेल्या कुणाहीसारखी मला थोडं वाढवून सांगायची खोड आहे. माझं निम्मं आयुष्य ऐकून तुम्ही हसाल. खुशाल हसा. उरलेलं निम्मं मात्र जसं घडलं तसंच सांगणार आहे, कारण त्यात वाढवायला मला जागाच सापडली नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर घासलं, हिरवा रंग दिला आणि पोटात दातेरी चाकं बसवली. पहिल्यांदा वीज जोडली तेव्हा मी अशी काही सुटले की चाचणीचं कापड शिवून झालं, त्याच्या मागोमाग टेबलावरचं फडकं शिवलं गेलं आणि मला तपासणाऱ्या माणसाचा टायही त्या फडक्याला पक्का जोडला गेला. बिचारा दुपारपर्यंत वाकूनच होता. खोटं वाटत असेल तर तेलकाकांना विचारा. तेलकाका म्हणजे आमच्या कारखान्यात मशिनींची देखभाल करणारे कारागीर. ते तर सांगतील की त्या माणसाला टायसकट खोक्यात भरून माझ्याबरोबर पाठवून दिलं होतं.

कारखाना शर्टांचा. लांबलचक खोली, वर पत्रे, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि मधोमध आम्हा मशिनींची रांग. एकीने कॉलर करायची, एकीने खिसा लावायचा, माझ्या वाट्याला बाह्या आल्या. एकीचं काम झालं की गठ्ठा पुढचीच्या मांडीवर. त्यामुळे रांगेत एक जरी थांबली तरी मागे ढीग साचतो आणि पुढे मांड्या रिकाम्या पडतात. थांबणं हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा गुन्हा. आणि आवाजाचं काय सांगू! सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या की पत्र्यावर बसलेल्या कबुतरांचे पाय आपोआप नाचायला लागत. अशा खडखडाटात बायका एकमेकींशी ओठांनी आणि भुवयांनी बोलत. भुवई वर गेली की चहा आला का, आणि ओठ दुमडले की साहेब आला.

माझ्यावर पुष्कळ वर्षं बाहीताई बसली. काम करता करता मला थोपटायची आणि म्हणायची, नवऱ्यापेक्षा ही बरी, दोन थेंब तेलावर दिवसभर राबते आणि वर मान करून बोलत नाही. पुढे तिची नजर अधू झाली आणि ती घरी बसली. मग माझ्यावर एक फाटकी चादर आली. चादरीखाली एका कोळ्याने संसार मांडला आणि मुलाबाळांसकट सुखाने राहिला. माझी कुणाला आठवण नव्हती.

ती चादर एके सकाळी सुतळीने काढली.

सुतळी हे तिला बायकांनी ठेवलेलं नाव. शाळा संपवून नुकतीच आलेली, उंच आणि किडकिडीत. घरी आई आणि धाकटी बहीण. आईने तिला एका अटीवर कामाला धाडलं होतं. तिथे सगळ्या बायकाच आहेत म्हणून जा, पण काही वेडंवाकडं कानावर आलं तर दुसऱ्या दिवसापासून घरी. सुतळीला घरी बसायचं नव्हतं. तिला कापड बेतायला शिकायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती कटिंगच्या टेबलाशी उभी राहायची आणि मास्तर खडूने रेघ कशी ओढतात ते बघत बसायची. डबा हातात तसाच.

आमचा सुपरवायझर होता टेपसाहेब. डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तशी याच्या गळ्यात मापाची टेप. ती त्याने कधी कशाला लावलेली मी पाहिली नाही, नुसती शोभेची. त्याने सुतळीला पाहिलं आणि तिच्या शिवणीत त्याला रोज काही ना काही चूक दिसायला लागली. मागून यायचा, एक हात खुर्चीवर, एक हात माझ्या डोक्यावर, आणि तोंड तिच्या कानाशी. काही दिवसांनी खुर्चीवरचा हात पाठीवर आला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, साहेब काम समजावतोय.

काय समजावत होता ते फक्त सुतळीला आणि मला ठाऊक. त्याचा हात माझ्यावर असल्यामुळे शब्द माझ्या लोखंडात उतरायचे. ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते ऐकू येऊ नयेत म्हणून सुतळी पायाखालचं पॅडल जोरात दाबायची. मी किंचाळत पळायचे, आणि माझ्या किंचाळण्याच्या आडून तो आणखी बोलायचा.

आता इथे मला सांगता आलं असतं की मी सुई मोडून त्याच्या बोटात घुसवली आणि पट्टा तोडून त्याच्या पाठीत हाणला. चांगलं रंगवलं असतं, तुम्ही टाळ्याही वाजवल्या असत्या. पण मित्रांनो, मी काहीच केलं नाही. मशीनला मन असेल, पाय नसतो. पाय माणसाचा. त्याने दाबलं की मी धावते, उचलला की थांबते.

सुतळीच्या सुया मोडायला लागल्या. त्यावरूनही टेपसाहेब तिला चारचौघींत बोलला. ते बोलणं मात्र मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

रांगेच्या सुरुवातीला कॉलरमावशी बसायची. कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई, आणि तिच्या जिभेला धार लावायची गरज नाही असं कात्र्यासुद्धा म्हणत. तिने हात धुवायच्या नळाशी सुतळीला गाठलं.

"बाह्या शिवताना इतक्या सुया मोडत नाहीत," मावशी म्हणाली. "खरं सांग, काय चाललंय?"

सुतळीने नळ बंद केला. मग एवढंच म्हणाली, "मावशी, घरी कळू देऊ नका."

मावशीला पुढचं सांगावं लागलं नाही. तिने बायका जमवल्या आणि सगळ्यांनी मिळून पोरीला सांभाळायचं ठरवलं. आमच्यात सांभाळायचं म्हणजे आत बसवायचं. नाजूक कापड आपण आतल्या कप्प्यात ठेवतो ना, तसं. दुसऱ्या दिवशी तेलकाकांनी मला ढकलत नेऊन रांगेच्या शेवटी भिंतीला टेकवलं, आणि सुतळीला माझ्यामागे बसवलं. इकडे भिंत, तिकडे कापडाचे गठ्ठे, समोर मी. बायकांना वाटलं, पोर सुरक्षित झाली.

मित्रांनो, तिथून उठून जायला एकच वाट उरली होती, आणि टेपसाहेब आला की त्या वाटेतच उभा राहायचा.

हे मावशीच्या ध्यानात आलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला आणि तडक मालकाकडे गेली. मालक माणूस वाईट नव्हता; तो कुणाच्याच बाजूने नव्हता, एवढंच. त्याने तिला बसायला सांगितलं, पंखा वाढवला आणि विचारलं की कुणी कानाने ऐकलंय का. एवढ्या गोंगाटात वाकल्याशिवाय काम सांगणार तरी कसं? ऐकलेलं एक माणूस आणा, मग बघतो, म्हणाला.

ऐकलं होतं मी. पण मशीनची साक्ष कोण काढतो?

चहाच्या सुट्टीत मावशीने अंगणात आपला बेत सांगितला. तो वाकला की सगळ्यांनी एकदम पाय उचलायचा. मशिनी बंद, मग बघू त्याचं बोलणं कुठे लपतं. दोघी-चौघी कुरकुरल्या. खिसे लावणारी बाई म्हणाली, एवढा खटाटोप कशाला, पोरीने एकदा सरळ त्याच्या कानाखाली वाजवावी.

"हो का?" मावशी म्हणाली. "दोन वर्षांमागे तुझ्या खांद्यावर हात होता त्याचा. तेव्हा तू किती वाजवल्यास?"

खिसेवालीने चहा संपवला आणि कप उपडा ठेवला. त्यानंतर कुणी कुरकुरलं नाही.

बेत चांगला होता. पण सुतळी घाबरेल म्हणून तिला कुणी सांगितलंच नाही. टेपसाहेब वाकला, मावशीने पाय उचलला, तिच्या शेजारणीने उचलला, लाट यावी तशी सगळी रांग थांबत आली. आणि भिंतीपाशी मी एकटी खडखडत राहिले. सुतळीला काही कळलंच नव्हतं. तिने डोळे मिटून पाय गच्च दाबून धरला होता. साऱ्या खोलीला ऐकायचं होतं आणि मी ऐकू देत नव्हते. टेपसाहेबाला काहीतरी वेगळं जाणवलं, तो सरळ झाला आणि मशिनी का थांबवल्या म्हणून सगळ्यांवर खेकसला. त्या दिवशी कुणालाच चहाची सुट्टी मिळाली नाही.

संध्याकाळी मावशी माझ्याजवळ आली तेव्हा सुतळी उठली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"मावशी, मला विचारलंत का तुम्ही? भिंतीला बसवलंत तेव्हा नाही, आणि आजही नाही. तोसुद्धा मला विचारत नाही."

कॉलरमावशीने माघार घेतली, असं माझ्या आयुष्यात एकदाच घडलं. ती गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, "चुकलं ग. तू सांग, काय करायचं?"

"मी पाय उचलला की तुम्ही उचला. आधी नाही."

तो दिवस आला. टेपसाहेबाचा हात माझ्या डोक्यावर पडला. सुतळीने या वेळी डोळे मिटले नाहीत. त्याचं वाक्य सुरू झालं. तिने पाय उचलला.

मी थांबले. माझ्यापुढची थांबली, तिच्यापुढची थांबली, पार मावशीपर्यंत सगळ्या गप्प. आणि त्या शांततेत टेपसाहेबाचा आवाज खोलीभर स्वच्छ ऐकू आला.

"...सगळ्या गेल्यावर एकटी थांबलीस तर कटिंगला घेतो. नाहीतर इथेच भिंतीशी सड."

तो ताठ झाला. इकडे तिकडे बघितलं. "काय झालं? लाइट गेली का?"

"लाइट आहे, साहेब," मावशी म्हणाली. "तुम्ही बोला ना. आम्ही ऐकतोय."

मालकाला ऐकलेलं एक माणूस हवं होतं. त्याच्या दारात अख्खी रांग उभी राहिली. खिसेवाली सगळ्यात पुढे. मग मात्र हालचाल झाली. समिती नेमली, त्यात आमच्यातल्या बायका आणि कायदा जाणणाऱ्या बाहेरच्या एक बाई आल्या. कुणाकडे तक्रार करायची त्याचा फलक भिंतीवर लागला. नवीन मुलगी आली की मावशी आता पहिल्यांदा विचारते, तुला कुठे बसायचंय. गोष्ट इथे संपवली असती तर माझंही नाव झालं असतं.

पण चौकशी पुरी होईपर्यंत टेपसाहेबाला नुसतं हलवलं. रस्त्यापलीकडे मालकाचा दुसरा कारखाना आहे, तिथे. समितीतल्या बायकांनी हरकत घेतली, पुन्हा घेतली. चौकशी अजून चालू आहे. माझ्या इतक्या वर्षांत इतक्या सावकाश चालणारं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही.

आणि व्हायचं तेच झालं. कुणीतरी कुणाला सांगितलं आणि बातमी सुतळीच्या घरी पोचली. दुसऱ्या दिवशी माझ्यामागची खुर्ची रिकामी होती.

मावशी आणि खिसेवाली तिच्या घरी गेल्या. काय झालं ते मावशी माझी धूळ पुसता पुसता तेलकाकांना सांगत होती. म्हणे सुतळी आतल्या दाराशी उभी होती. मावशीने तिच्या आईला समजावलं, की गुन्हा त्याचा, धीर हिचा, आणि घरी हीच बसली, हा कुठला न्याय?

आई म्हणाली, "खरं आहे तुमचं. पण उद्या तो रस्त्यात उभा राहिला, तर तिथे तुमची रांग असेल का?"

मावशी म्हणाली, असेल. आईने दोघींना दारापर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून मावशी रोज सकाळी वाट वाकडी करून त्या घरासमोरून येते. आता खिसेवालीही असते, आणखीही दोघी-तिघी असतात. कोपऱ्यावर थोडं थांबतात आणि मग कामाला येतात. खिडकीत सुतळी दिसते, म्हणतात. दार अजून उघडलेलं नाही. ती एक दिवस आली आणि हातात खडू घेऊन तिने पहिली रेघ ओढली, असं सांगायला माझी जीभ फार वळवळते. पण ते झालेलं नाही, आणि मी सांगणार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी म्हणायचं असतं, आम्हाला जपा, पुसा, तेल घाला. माझ्यासाठी तेलकाका पुरे आहेत. माझं मागणं इतकंच, की तुमच्या शाळेत, गल्लीत, पुढे तुमच्या कामावर कुणी कुणाच्या कानाशी असं वाकलेलं दिसलं, तर हातातलं काम थांबवा. जिच्यावर बेतलंय तिला आधी विचारा, आणि मग तिच्या बाजूला उभे राहा. आम्हाला आपणहून थांबता येत नाही. तुम्हाला येतं.

मी अजून भिंतीशीच आहे, खिडकीजवळ. आमच्या चहाच्या सुट्टीत इथल्या मशिनी बंद होतात आणि रस्त्यापलीकडच्या ऐकू येतात. मी कान देऊन ऐकते. त्यांचा खडखडाट मध्ये एकदाही थांबत नाही. सगळं ठीक आहे म्हणून थांबत नाही, की कुणी पाय उचलत नाही म्हणून, ते मला इथून कळत नाही.