पुसलेली पानं

"काकू, पानं कोणी साफ केली?"

सलोनीने विचारलं आणि शेवंती खुलली. कौतुकच होतंय, असं तिला वाटलं.

"मीच गो बाय. काल दुपारी एकेक पान फडक्यानं पुसून काढलं. केवढी काजळी! तुमच्या कॉलेजची वस्तू, परत द्यायची ती अशी काळ्या तोंडानं?"

हिंदमाता थिएटरमागच्या त्या चाळीत शेवंतीचा हिशेब सगळ्यांना पाठ होता. शेजारणीची वाटी तिच्याकडून कधी रिकामी परत गेली नाही, आणि घासल्याशिवाय तर नाहीच. मागून आणलेली शिडीसुद्धा पुसून देणारी बाई! मग जास्वंदीची कुंडी कशी सुटणार?

सलोनी स्टुलावर मटकन बसली. आठ आठवड्यांपूर्वी तिनेच ही कुंडी गॅलरीच्या कठड्याला बांधली होती. पानांवर बसलेली धूळ तोलायची, खालून जाणाऱ्या गाड्यांचा आकडा तिच्याशी जुळवायचा आणि कॉम्प्युटरवर गल्लोगल्लीच्या हवेचा नकाशा काढायचा, असं तिचं काम. "पानांवर पाणी मारू नका," एवढं ती बजावून गेली होती. शेवंतीने मारलं नव्हतंच. पुसलं होतं.

"नकाशात तुमची गल्ली आता कोरी राहणार, काकू. मंगळवारच्या सुनावणीत दाखवायला काही नाही."

महापालिकेतली ती सुनावणी डंपरांची होती. टॉवरच्या कामाचे डंपर दिवसभर या गल्लीतून जात, आणि आतल्या खोलीत शेवंतीचा नवरा जयवंत खाटेवर बसून एकेक श्वास ओढी. डॉक्टर म्हणाले होते, हवा बदला. हवा बदलायला दुसरं घर लागतं. ते नव्हतं, म्हणून डंपरच हलवायचे होते.

शेवंतीने कठड्यावरून बोट फिरवलं आणि काळंकुट्ट बोट पुढे केलं. "ही बघ, तीच धूळ. लाव ना गो पानांना."

"ते खोटं होईल, काकू."

"मग ठेव कुंडी परत. हात नाय लावणार, गणपतीची शपथ."

"पुन्हा आठ आठवडे लागतील. मंगळवार चार दिवसांवर आलाय."

शेवंतीने बोट पदराला पुसलं.

"सलोनी..." आतून जयवंतची हाक आली. दोघी दाराशी गेल्या.

"तिची चूक... नाय. मीच... सांगितलं... पूस म्हणून."

त्याने असं काहीच सांगितलं नव्हतं. काल सारी दुपार तो झोपून होता. एवढं बोलून होईपर्यंत खालून दोन डंपर गेले.

शेवंतीने त्याला खोटं पाडलं नाही. त्याच्या पाठीशी उशी सारखी केली, आणि पुढचा श्वास येईपर्यंत हात तिथेच ठेवला.